गाणं शेलूला उतरलं

सखाबुवांना गाणं विकत हवं होतं आणि त्यांचा मुलगा नीलेश ते त्यांना भाड्याने देत होता. रविवारची दुपार होती. पोशीरच्या घराच्या ओटीवर बापलेक एकाच मोबाईलवर डोकी टेकवून बसले होते, आणि शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या नीलेशच्या आईला, मोतीबाईंना, या दोघांकडून काही उजेड पडेल अशी आशा उरली नव्हती.

"आबा, आता गाणी कुणी विकत घेत नाय," नीलेश म्हणाला. "महिन्याचं भाडं भरायचं. जगातली सगळी गाणी आपली."

"आन् भाडं नाय भरलं तर?"

"तर बंद."

"म्हंजे गाणं माझं नाय."

"तुमचंच. पण भाड्यानं."

सखाबुवांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या वडिलांचं अर्धं आयुष्य एका कुळाच्या कज्ज्यात गेलं होतं, आणि उरलेलं अर्धं तो कज्जा लोकांना सांगण्यात. 'भाडं' हा शब्द त्या घरात जपूनच उच्चारला जाई.

"मला भाड्याचं सांगू नको रं," ते म्हणाले. "तुज्या आज्यानं खंडानं जमीन दिली, ती कुळाची झाली. कसेल त्याची जमीन. तसा ऐकेल त्याचं गाणं असा कायदा जवर येत नाय, तवर मी भाडं भरणार नाय. विकत घे. पावतीसकट."

हे एवढं सगळं एका गौळणीसाठी चाललं होतं. सखाबुवा पोशीरच्या भजनी मंडळाचे बुवा. दरवर्षी त्यांच्या मंडळाची कळंबच्या मंडळाशी डबलबारी व्हायची. दोन मंडळं समोरासमोर बसतात, एक बुवा गाण्यातून सवाल टाकतो आणि दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा असतो. गेल्या वर्षी कळंबच्या वाल्मिकबुवांनी असा सवाल टाकला होता की जवाब आठवेपर्यंत सखाबुवा नुसता पेटीचा भाता हलवत राहिले. इतका वेळ, की लोक उठून चहा पिऊन परत आले तरी भाता चालूच होता. तेव्हापासून नेरळच्या बाजारात भाजी घ्यायला गेले तरी कुणीतरी मागून विचारायचं, "काय बुवा, भाता थांबला का?"

यंदा त्यांनी ठरवलं होतं की वाल्मिकबुवांचा भाता हलवायचा. त्यासाठी लागणारं हत्यार त्यांना माळ्यावर सापडलं होतं. जुन्या काळी हरिबुवा चिंचवलीकर नावाचे एक नामांकित बुवा होऊन गेले. त्यांची एक गौळण अशी होती की तिला जवाबच नाही, असं जुनी माणसं सांगायची. ती गौळण असलेली कॅसेट वडिलांच्या पेटाऱ्यात निघाली. सखाबुवांनी ती टेपरेकॉर्डरमध्ये घातली, हात जोडले, आणि "साऱ्या गेल्या पाण्याला, मागं ऱ्हायली कोण गं" एवढी ओळ वाजून टेपरेकॉर्डरने कॅसेट चावली. आतली फीत शेवयांसारखी बाहेर आली. सखाबुवांनी ती पेन्सिलीने गुंडाळून पाहिली. मोतीबाईंनी तिच्या सुरकुत्या जाव्यात म्हणून तिच्यावर इस्त्री फिरवून पाहिली. त्यानंतर त्या कॅसेटचा विषय संपला.

मग नीलेशने सांगितलं की आता जुनी गाणी फोनवरच्या दुकानांत मिळतात. पण दुकान काय एकच होतं का. पहिल्या दुकानात गाणी फुकट होती, पण अभंग रंगात आला की मध्येच एक बाई येऊन कुकरची शिट्टी वाजवून दाखवायची. दुसऱ्या दुकानाने आधीच विचारलं, "आत्ता तुम्हाला कसं वाटतंय?" सखाबुवांनी खरं ते सांगितलं, की डोकं दुखतंय. त्यावर दुकानाने त्यांना अंगाईगीतं काढून दिली. तिसऱ्या दुकानात हरिबुवा नव्हते, पण "तुम्हाला हेही आवडेल" म्हणून त्याने कळंबच्या वाल्मिकबुवांचं भजन पुढे केलं. ते दुकान सखाबुवांनी ताबडतोब फोनमधून काढायला लावलं.

चौथ्या दुकानात मात्र हरिबुवा निघाले. गौळणही तीच. आणि तिच्याखाली स्पष्ट लिहिलं होतं, "विकत घ्या."

"हां," सखाबुवा म्हणाले. "हे माणसाचं दुकान."

नीलेशने स्वतःच्या खात्यावरून गौळण विकत घेतली आणि तेच खातं आबांच्या फोनमध्ये उघडून दिलं. गाणी कप्प्या-कप्प्यांत लावून ठेवायची सोयही त्या दुकानाचीच होती. पखवाजाची लय तपासून तिने हरिबुवांना आपणहून 'व्यायाम' या कप्प्यात टाकलं.

"व्यायामात कशाला?"

"ते आपोआप करतं, आबा. ऱ्हाऊ दे."

मग नीलेशने पिशवीतून एक स्पीकर काढला, उपड्या ठेवलेल्या गडव्याएवढा. असाच एक त्याने शेलूच्या आपल्या नव्या फ्लॅटमध्येही घेतला होता. स्पीकरला नाव द्या, असं फोन म्हणाला. नीलेशने फारसा विचार न करता 'घर' असं लिहिलं. आता वाजवून बघायचं, तेवढ्यात लाईट गेली. लाईटबरोबर इंटरनेटही गेलं. नीलेशने तासभर वाट पाहिली आणि शेवटी खोकं, कागदपत्रं सगळं आईच्या हवाली करून निघाला.

"लाईट आली की एवढंच करायचं," तो जाता जाता म्हणाला. "गाणं दाबायचं. खाली 'घर' दिसेल, ते दाबायचं. झालं."

लाईट आली तेव्हा सगळे जेवून आडवे झाले होते. मोतीबाई म्हणाल्या, "आवो, रातच्याला मोठ्यानं नको, तवर फोनमदीच ऐका की थोडं."

"हरिबुवांना फोनमदी ऐकायचं म्हंजे हत्तीला किल्लीच्या भोकातनं बघायचं," सखाबुवा म्हणाले. "सकाळी सारं मंडळ बोलावतो. एकदम ऐकू."

सकाळी मंडळ ओटीवर जमलं. पखवाज वाजवणारा पोपट पुढे बसला. त्याच्याकडे टेंपो होता आणि त्या टेंपोत नकाशा दाखवणारा फोन होता, म्हणून मंडळात तो तंत्रज्ञ समजला जाई. सखाबुवांनी स्पीकरला हळद-कुंकू लावलं, गाणं दाबलं. खाली खरंच 'घर' आलं. एकाखाली एक असं दोनदा आलं. सखाबुवांना वाटलं, आग्रहाने विचारतंय. त्यांनी वरचं दाबलं आणि डोळे मिटले.

काही वाजलं नाही.

"चालू झालंय," पोपट फोनमध्ये बघून म्हणाला. "ही बघा रेघ पळते."

"मग आवाज कुटं हाय?"

पोपटने विचार केला. "निघालंय, बुवा. पोचायला येळ लागणार. दुकान किती लांब असंल, कोण जाणे."

ही गोष्ट सर्वांना पटली. मंडळ गाण्याची वाट पाहत बसलं. एकाने स्पीकरला कान लावला आणि त्याच्या कानाला हळद लागली. रेघ शेवटाला पोचली, पण गाणं पोचलं नाही. सखाबुवांनी परत दाबलं. आवाज बारीक असेल म्हणून पोपटने तो वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला. मध्येच रेघ आपोआप थांबायची. सखाबुवा पुन्हा दाबायचे. पुन्हा थांबायची.

"हे आडमुठं हाय," सखाबुवा म्हणाले.

"मी बंदोबस्त करतो." पोपटने गोल फिरणाऱ्या बाणाचं एक चिन्ह शोधून दाबलं. "आता ते थांबणार नाय. संपलं की परत पयल्यापासनं. पोचेस्तोवर येतच ऱ्हाईल."

तरीही ओटीवर आवाज होता तो फक्त मोतीबाईंच्या खलबत्त्याचा. नीलेश कामावर, फोन उचलेना. शेवटी सखाबुवांनी शेलूला सुनेला, रुचिताला, फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला आणि फोनमधून पखवाजाचा दणका आणि त्यावर खणखणीत आवाज आला. "साऱ्या गेल्या पाण्याला…"

"रुचिता, आगं, तुज्याकडं लागलंय व्हय गाणं?"

"आबा, आत्ता नको ना," रुचिता कुजबुजत्या आवाजात ओरडत होती. "माझा वर्ग चालू आहे. स्पीकर वेडा झालाय."

"आवाज बरा येतोय का?"

"काय?"

"म्हनलं, साफ येतोय का? आमच्याकडं येतच नाय."

"आबा, मला काही ऐकू येत नाहीये. मी ठेवते."

सखाबुवांनी फोन खाली ठेवला आणि सगळ्या मंडळाकडे पाहिलं. त्यांना सगळा उलगडा झाला होता.

"गाणं शेलूला उतरलं," ते म्हणाले.

"कसं काय?"

"नीलेशच्या नावावर घेतलं ना. त्याचा पत्ता शेलूचा. दुकानानं पत्ता बघून पाठवलं. पोरानं पोशीर लिवाया पायजे हुतं."

पोपटने मान डोलावली. त्याची बायको ऑनलाइन साड्या मागवायची, तेव्हा त्याला हा अनुभव होता. एकदा तिची साडी पोशीरऐवजी भलत्याच गावाला गेली होती आणि ती स्वतः जाऊन आणावी लागली होती. "मग आपनबी आनाया जाऊ," तो म्हणाला. "टेंपो रिकामाच हाय."

डबलबारी शनिवारी होती. वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. स्पीकर सखाबुवांच्या मांडीवर, पेटी मागे, पखवाज दोरीने बांधलेला आणि टाळकरी त्याच्या आजूबाजूला, असं मंडळ नेरळमार्गे शेलूला निघालं. फोन सखाबुवांच्या खिशात होता आणि त्यातला गोल बाण इमानाने फिरत होता.

त्या सकाळी रुचिताने आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ध्यानाचा वर्ग सुरू केला होता. गेले कित्येक दिवस ती इमारतीतल्या दारोदार जाऊन बायकांना तयार करत होती. पहिल्याच दिवशी हॉल भरला होता. इंदूबाई नावाच्या वरच्या मजल्यावरच्या आजीसुद्धा आल्या होत्या, आणि इंदूबाई ज्याला चांगलं म्हणतील ते इमारतीत चालतं अशी ख्याती होती. स्पीकरवर मंद बासरी लावून रुचिताने सर्वांना डोळे मिटायला सांगितलं होतं. "बाहेरून कुठलाही आवाज येवो," ती मऊ आवाजात म्हणाली होती, "त्याला विरोध करायचा नाही. त्याला येऊ द्यायचं. फक्त ऐकत राहायचं."

आणि बासरी तुटून हरिबुवा चिंचवलीकर आले होते.

रुचिताने स्पीकरचं बटण दाबलं, तो थांबला, पुन्हा सुरू झाला. असं कितीदा तरी झाल्यावर बटणाचा नाद सोडून तिने वायर काढली, तर त्याला आत बॅटरी होती. तिने तो उशीखाली दाबला, मग दुलईत गुंडाळला, आणि शेवटी स्वयंपाकघरात नेऊन तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात घालून वर झाकण लावलं. पोशीरच्या तांदळाचा डबा अर्धा रिकामा होता. त्यात हरिबुवांचा आवाज असा घुमायला लागला की मघाशी स्पीकर बरा होता असं वाटावं. पोपटचा गोल बाण सुरू झाल्यावर तर मधली विश्रांतीही गेली. बायकांनी मात्र डोळे उघडले नाहीत. विरोध करायचा नाही, असं सांगितलं होतं.

मंडळ जिना चढायला लागलं तेव्हा वरून गौळण ऐकू येत होती. सखाबुवांनी हात वर करून सर्वांना थांबवलं.

"आला," ते म्हणाले. "हरिबुवाच."

ते भराभर चढले. पण त्याच वेळी वर रुचिताचा धीर संपला होता. तिच्याही फोनमध्ये नीलेशचंच खातं होतं. तिने ते दुकान उघडलं, 'व्यायाम' कप्प्यात बसलेले हरिबुवा शोधून काढले आणि त्यांच्यासमोरचं कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबलं. हे गाणं कायमचं काढायचं का, असं दुकानाने विचारलं. ती म्हणाली, हो. नक्की का, असं त्याने परत विचारलं. ती म्हणाली, हो.

सखाबुवांनी दारात पाऊल टाकलं तेव्हा तांदळाच्या डब्यातून "…कोण गं" एवढंच आलं आणि सगळं शांत झालं.

हॉलमध्ये बायका मांडी घालून डोळे मिटून बसल्या होत्या. सखाबुवा छातीशी हळद लावलेला स्पीकर धरून उभे होते आणि त्यांच्या मागे जिन्यापर्यंत टाळकरी उभे होते.

"रुचिता," सखाबुवा हलक्या आवाजात म्हणाले, "आमचं गाणं आलंय ना इथं? ते न्यायला आलोय."

रुचिताने सासऱ्यांकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, मग सासऱ्यांचा फोन मागून घेतला. त्यात खाली दोनदा 'घर' होतं. ते पाहून ती खाली बसली. नीलेशने शेलूच्या स्पीकरचं नाव 'घर' ठेवलं होतं, पोशीरच्याही स्पीकरचं नाव 'घर' ठेवलं होतं, आणि आबा सकाळपासून पोशीरहून तिच्या हॉलमध्ये भजन वाजवत होते.

"आबा, ते गाणं…" तिने फोन त्यांच्या हातात परत दिला. "मी ते आत्ता काढून टाकलं. कायमचं."

सखाबुवा जाऊन तांदळाच्या डब्याजवळ उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून पोपटनेही टोपी काढली. रुचिताने घाईघाईने दुकानाला विनंती पाठवली. दुकानाने लगेच उत्तर दिलं, की तुमचं गाणं अगदी सुरक्षित आहे आणि पंधरा दिवसांत ते तुम्हाला परत मिळेल.

"शनिवारी बारी हाय," सखाबुवा म्हणाले. "पंधरा दिवसांनी मी काय वाल्मिकच्या घरी जाऊन म्हनू?"

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला.

"साऱ्या गेल्या पाण्याला, मागं ऱ्हायली कोण गं,
रिती घागर वाजविते, तिला भरवी कोण गं."

इंदूबाईंनी डोळे उघडले नव्हते. शेजारी बसलेली भाविका पुढच्या कडव्यात शिरली, तिच्यामागून तिसरी, आणि बघता बघता अख्खा हॉल गौळण म्हणत होता. सकाळपासून त्यांनी तेवढंच ऐकलं होतं. कडवी पाठ झाली होती, पखवाजाचे बोल पाठ झाले होते. दुसऱ्या कडव्यानंतर साऱ्याजणी थांबल्या, एकदम खोकल्या, आणि एका सुरात म्हणाल्या, "गण्या, टाळ हळू."

सखाबुवा दचकले. "हे काय?"

"असंच आहे त्याच्यात," भाविका म्हणाली.

हरिबुवांना रेकॉर्डिंगच्या दिवशी खोकला झाला होता आणि त्यांच्या टाळकऱ्याचं नाव गण्या होतं, हे सखाबुवांच्या ध्यानात आलं. ते म्हणाले, "ते गान्यातलं नाय वो. तेवढं गाळा."

"आम्ही ऐकलं तसंच शिकवणार," इंदूबाई डोळे उघडून म्हणाल्या. "मधलं काढलं की पुढची ओळ हाताला लागत नाही. शिकायचं असेल तर बसा खाली. फोन बाहेर ठेवा."

मंडळ खाली बसलं. ज्यांना लोक बुवा म्हणायचे, ते सखाबुवा आठवडाभर रोज शेलूला जाऊन ध्यानवर्गाच्या बायकांसमोर पेटी घेऊन बसले. इंदूबाई खडूस मास्तरीण निघाल्या. "कोण गं" वर सूर खाली आणायचा होता आणि सखाबुवांचा वर जायचा. इंदूबाईंनी ते त्यांच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतलं की पोपट बाहेर जाऊन टेंपोत बसला. त्याला परत बोलावून आणलं, कारण त्याचा खोकला वेळेवर येत नव्हता.

मोतीबाई पहिल्या दिवशी नुसत्या बघायला म्हणून आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी न विचारता टाळ उचलले. ओटीवर इतकी वर्षं मंडळाला चहा देता देता त्यांना ताल कधीच पाठ झाला होता, फक्त हात रिकामे नसायचे.

शुक्रवारी लक्षात आलं की बायकांशिवाय गाडी चालत नाही. पुरुषांना कडवी यायची, पण तिसऱ्या कडव्याच्या दारात सगळे अडखळायचे.

"बारीला बायका?" एक टाळकरी म्हणाला. "आजवर कंदी बसल्या नायत."

"आजवर तुमी जिकलात का?" मोतीबाईंनी विचारलं.

शनिवारी दुपारी कळंबच्या देवळासमोरच्या मांडवात दोन्ही मंडळं बसली. वाल्मिकबुवा फेटा बांधून, गळ्यात उपरणं घालून हसत होते. पोशीरच्या टेंपोतून आधी पेटी उतरली, मग पखवाज, आणि मग नऊवारी नेसलेल्या शेलूच्या बायका एकामागोमाग एक उतरायला लागल्या, तेव्हा त्यांचं हसू जरा कमी झालं.

सखाबुवांनी गौळण उचलली. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. आणि मग सखाबुवा, पोपट, टाळकरी, इंदूबाई, रुचिता, मोतीबाई, सगळे एकदम थांबले, खोकले, आणि म्हणाले, "गण्या, टाळ हळू."

मांडवातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला समजावलं, "गण्या म्हंजे गणपती. देवालाच सांगतायत, काळाचा टाळ जरा हळू वाजव. लई खोल हाय." ते खोलपण रांगारांगांतून मागे गेलं आणि मागच्या बायकांनी पदर डोळ्याला लावला.

वाल्मिकबुवा जवाबाला सरसावले. त्यांनी वाईट जवाब दिला असं नाही. घागर कोण भरवी, याचं उत्तर त्यांनी रंगवून दिलं. पण दुसऱ्या कडव्यानंतर लोक वाट बघायला लागले, आणि वाल्मिकबुवा खोकलेच नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "खोकला ऱ्हायला." दुसरा म्हणाला, "गण्याचं काय?" वाल्मिकबुवांनी पुढचं कडवं धरलं, सोडलं, परत धरलं. खोकून बघितलं, तर खराच ठसका लागला. त्यांचा भाता मात्र चालूच होता. लोक उठून चहाला गेले.

मानाचा नारळ पोशीरला मिळाला. सखाबुवांनी तो आधी इंदूबाईंच्या हातात दिला, आणि परतीच्या टेंपोत नेरळ येईपर्यंत ते नुसते हसत होते. नेरळच्या बाजारात त्यांनी मुद्दाम टेंपो थांबवून भाजी घेतली. घरात भाजी होती.

यानंतर दहा-बारा दिवस बरे गेले. दुकानाने गौळण परत दिली आणि ती पोशीरला, ओटीवरच, वाजली. नीलेशने स्पीकरची नावं 'पोशीर' आणि 'शेलू' अशी बदलून दिली. रुचिताचा वर्गही जोरात चालला होता. मात्र तिथे आता कुणी डोळे मिटत नव्हतं, आणि इंदूबाईंनी एक पेटी विकत घेतली होती, असं मोतीबाईंकडून कानावर यायचं. मोतीबाई सकाळची कामं आवरली की टाळ पिशवीत घालून शेलूला जायच्या.

एका सकाळी पोपट एक पत्रिका घेऊन ओटीवर आला. गुळगुळीत कागद, वर देवीचं चित्र. भव्य डबलबारी सामना. एका बाजूला, माउली महिला भजनी मंडळ, शेलू. दुसऱ्या बाजूला, पोशीर भजनी मंडळ, बुवा सखा कराळे.

सखाबुवांनी ती दोनदा वाचली. "मला कुनी विचारलं नाय."

"वैनींनी हो सांगितलं म्हनं तुमच्या वतीनं," पोपट म्हणाला.

सखाबुवांनी आत पाहिलं. मोतीबाई शांतपणे पिशवी भरत होत्या.

"तू कुनाच्या बाजूनं बसनार हाईस?"

"मी शिकले कुटं?" मोतीबाई म्हणाल्या. "भाकऱ्या टोपल्यात हायत. कालवण गरम करून घ्या."

त्या पोपटच्या टेंपोत बसून गेल्या. सखाबुवा ओटीवर एकटे उरले. त्यांनी फोन घेतला आणि दुकान उघडलं. आता त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. हरिबुवांच्या नावाखाली ते खाली खाली गेले, आणि अगदी तळाशी त्यांना एक सवाल सापडला. कुणी कधी न ऐकलेला, लांबलचक, आणि मध्ये दोनदा शिंक असलेला. असला सवाल शेलूच्या बायकांना साता जन्मांत सुटला नसता.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी "विकत घ्या" वर बोट ठेवलं.

दुकान क्षणभर थांबलं आणि मग त्याने अदबीने कळवलं, की हे गाणं आज सकाळीच तुमच्या खात्यावर विकत घेतलं आहे. आतापर्यंत ते चौदा वेळा वाजवून झालं आहे. ठिकाण, शेलू.